वेगळं पातेलं

खानावळीच्या वाढदिवशी सकाळी सकाळीच आत्याची पर्स खुंटीवरून पडली आणि तिच्यातून खाऱ्या दाण्यांची पुडी बाहेर आली. पर्स आपोआप पडली, असं थोरली सून शेवटपर्यंत सांगत होती. खरंखोटं त्या खुंटीलाच माहीत.

"वन्सं, हे काय?" थोरलीने पुडी उचलून दिव्याखाली धरली.

"दाणे आहेत."

"खारे?"

"मग काय गोड असतात?" आत्याने पुडी हिसकावून घ्यायला हात पुढे केला, पण थोरलीने आपला हात उंच धरला होता आणि आत्या तिच्या खांद्यापर्यंतच येत होती. "माझ्यासाठी आणलेत. पोरांना गणित शिकवून डोकं उठतं माझं, मग चघळते मी."

"आज शाळेला सुट्टी आहे."

"डोक्याला नाही ना!"

"आबांना वर नेऊन द्यायचे होते. खोटं बोलू नका वन्सं, तुम्हाला ते जमत नाही."

आता मात्र आत्या उसळली. "हो, आणलेत आबांसाठी! माझा बाप आहे तो. तुझ्या हाताखाली वाळून चाललाय. शर्टाची कॉलर बघितलीस त्यांची? मान आत हरवते. वहिनी, अगं, माणसाला मीठ नको म्हणून सांगितलंय डॉक्टरीणबाईंनी, जेवण नको म्हणून नाही!"

ती कॉलर थोरलीने सगळ्यांच्या आधी बघितली होती, आणि कॉलरचं बटण अलीकडे घेऊन तिनेच शिवलं होतं. पण हे सांगितलं तर रडू येईल आणि चुलीवर तीन पातेली चढवायची बाकी आहेत, म्हणून तिने दाण्यांची पुडी सरळ आपल्या ॲप्रनच्या खिशात टाकली आणि बटाटे सोलायला घेतले.

बस डेपोसमोरची ही खानावळ आबांनी काढली. ड्रायव्हर, कंडक्टर, रात्रपाळी करून आलेल्या नर्सा, छापखान्यातले लोक, सगळे इथेच जेवतात. वर्षातून एकदा, खानावळीच्या वाढदिवशी, जुन्या गिऱ्हाइकांना बोलावून फुकट जेवू घालायचं आणि त्या दिवशी घरातल्याच माणसांनी रांधायचं, हा आबांचा नेम. म्हणून तर आत्या दुसऱ्या गावाहून आदल्या दिवशी येऊन ठेपली होती आणि वायरमन असलेला धाकटा मुलगा मिक्सरचं पोट उघडून बसला होता.

यंदा आबाच तेवढे स्वयंपाकघरात नव्हते. मध्यंतरी रक्तदाब असा काही चढला की त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मीठ अगदी नावाला. लोणचं, खारवलेलं, पाकिटातलं सगळं बंद. दुकानात ते मिठासारखं दिसणारं दुसरं मीठ मिळतं ना, तेही मला विचारल्याशिवाय नाही, यांच्या गोळ्यांना चालणार नाही. आबांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं. दूधवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांशी भांडलेला तो माणूस, या वेळी नुसता "बरं" म्हणाला आणि त्या दिवसापासून त्याची भूकच गेली. दोन घास खायचे, ताट सरकवायचं. परवा डॉक्टरीणबाईंनी शेवटचं सांगून टाकलं होतं. असंच चाललं तर परत भरती करून नळीने पोटात अन्न घालावं लागेल. उद्या वजन करायला न्यायचं होतं.

थोरलीने काय काय करून बघितलं नाही! मिठाच्या जागी चव आणायची म्हणून तिने मसाल्यांचे चुरे करायला घेतले. पहिल्या चुऱ्यात लिंबाची साल पांढऱ्या भागासकट किसली, सगळं कडू जहर. दुसऱ्यात लसूण करपला. तिसऱ्यात मिरी इतकी पडली की आबांना शिंका आवरेनात आणि रक्तदाबाची गोळी नाकातून बाहेर येते की काय असं झालं. ती हरली नाही. आबा मात्र प्रत्येक वेळी ताटाकडे बघायचे, "छान झालंय सूनबाई" म्हणायचे आणि ताट सरकवायचे. त्यापेक्षा ताट फेकलं असतं तरी तिला चाललं असतं.

*

वरच्या खोलीत आबा खिडकीशी बसले होते. खालच्या झाकणांचे आवाज त्यांना सगळे ओळखू येत होते. हे रश्श्याचं पातेलं, हे मसुराचं. आता कोणीतरी ओट्यावर कालथा आपटला, म्हणजे मुलगी चिडलीय.

भूक गेली हे काही खरं नव्हतं. पोटात कावळे ओरडत होते. पण ते छोटं पातेलं झाकण घालून, वर बशी ठेवून जिना चढत आलं की त्यांच्या घशाला कुलूपच लागायचं.

खानावळ काढली तेव्हापासून आबा एकच नियम पाळत आले होते. शेवटचं गिऱ्हाईक उठलं की मालकाने त्याच पातेल्यातलं जेवायचं. बिघडलं असेल तर बिघडलेलं, उरलं नसेल तर पावाचा तुकडा. घरात आजारपण असो की पाहुणे, आबांनी कधी वेगळं शिजवू दिलं नव्हतं. "जे आपण खात नाही ते दुसऱ्याला वाढायचं नाही," एवढं बोलून ते विषय संपवायचे. आणि आता त्यांच्यासाठी वेगळं पातेलं! वरचं वर, खालचं खाली. आपण आता खानावळीचे नाही, असं त्यांना त्या पातेल्याकडे बघून वाटायचं. पण हे सांगणार कोणाला आणि कसं? सून बिचारी रात्रंदिवस कुटतेय, दळतेय, तिला काय म्हणायचं, की बाई, तुझ्या चवीवर नाही, पातेल्यावर रुसलोय मी? पोरकटपणा नुसता. त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

*

खाली आत्या धुसफुसत काकड्या चिरत होती. ओट्यावर थोरलीचा ताजा चुरा एका वाडग्यात उघडा होता. आपल्याला त्याच्याशी काही देणंघेणं नाही, असं दाखवत तिने काकडीची एक फोड त्यात बुडवली. तोंडात टाकली. मग दुसरी बुडवली. तिसऱ्या वेळी बोट चाटलं आणि पकडली गेली.

"कसं लागतंय?" थोरलीने पाठ न वळवता विचारलं.

"बरंय."

"बरंय म्हणता म्हणता अर्धा वाडगा संपवाल."

"यात मीठ घातलंयस तू."

"एक कण नाही."

"शपथ?"

"मी या खानावळीत कधी मिठाला हात लावलाय का, वन्सं?"

ते मात्र खरं होतं. खानावळ नवीन असताना एकदा आबांनी, त्यांच्या बायकोने आणि त्यांच्या भावाने, तिघांनीही एकाच रश्श्यात मीठ घातलं होतं आणि अख्खं पातेलं गटारात ओतावं लागलं होतं. तेव्हापासून इथे मीठ एकाच हाताचं. बाकी सगळं कोणीही रांधावं, मीठ घालायची वेळ झाली की हाक मारायची, "हात!" की आबा येणार, मुठीने मीठ भिरकावणार आणि जाणार. थोरलीला या घरात येऊन एवढी वर्षं झाली, तिची मुलगी कॉलेजात गेली, पण खानावळीच्या मिठाच्या बरणीचं झाकण तिने कधी उघडलं नव्हतं. टेबलांवरही मिठाच्या डब्या नव्हत्या. कोणी मीठ मागणं म्हणजे आबांचा अपमान. आबा आजारी पडल्यावर 'हात' थोरल्याकडे आला, म्हणजे गल्ल्यावर बसणाऱ्या तिच्या नवऱ्याकडे. त्या बिचाऱ्याने तो कसा सांभाळला ते पुढे येईलच.

"काय काय घातलंयस?" आत्याने विचारलं. आता तिचा आवाज शाळेतला राहिला नव्हता.

"धने, जिरे, वेगवेगळे भाजलेले. मिरी अगदी थोडी. टोमॅटो वाळवून त्याची पूड. लसणाच्या चकत्या मंद आचेवर कुरकुरीत केल्या. लिंबाची नुसती पिवळी साल. वाळलेला पुदिना."

"तीळ नाहीत?"

"तीळ घातले की गोळा होतो, तेल सुटतं."

"आधी घालतेस म्हणून. आई शेवटी घालायची, दोनच गरके, की थांबायचं." आत्या बोलता बोलता थांबली. "आईने बाळंतपणात मला असंच काहीतरी करून दिलं होतं. भाताबरोबर खायला. तेव्हा मला कोणाचं काही जेवावंसं वाटत नव्हतं."

थोरलीने हातातली सुरी खाली ठेवली. एकदम दोघींच्याही लक्षात आलं की आपण एकाच माणसासाठी भांडतोय.

"तीळ कुठायत?" आत्या म्हणाली.

"वरच्या फळीवर. पण तुमचा हात पोचणार नाही."

"टोमणे मारू नकोस, काढून दे."

धाकट्याने मिक्सर जोडला. तो पहिल्याच गरक्याला असा किंचाळला की बाहेर झाडलोट करणारा थोरला आत डोकावून गेला. "घाबरू नका," धाकटा म्हणाला, "आवाज मिक्सरचा आहे, वहिनीचा नाही." त्यासाठी त्याला ओल्या फडक्याचा फटका बसला. मग तिघांनी मिळून जो दळायचा सपाटा लावला, तो विचारू नका. तीळ भाजल्याचा वास डेपोपर्यंत गेला असणार, कारण एक ड्रायव्हर हॉर्न वाजवून "झालं का?" म्हणून ओरडून गेला. वाडगा भरला म्हणून डबा काढला, डबा भरला म्हणून दुसरा काढला.

"एवढ्याचं करायचं काय?" थोरलीने विचारलं. "आबांच्या छोट्या पातेल्याला दोन चमचे लागतात."

"मोठ्या पातेल्यांत घालू या की! लोकांनाही कळू दे. तू आयुष्यभर या चुलीशी राबलीस, तुझं म्हणून काहीतरी लोकांच्या ताटात जाऊ दे एकदा."

थोरलीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "घाला थोडा," ती म्हणाली, "पण जरा जपून." आणि डोळे पुसायला म्हणून भांडी घासायच्या मोरीकडे गेली. तिथून तिने सवयीने हाक मारली, "अहो! हात!"

*

ती हाक ऐकली की थोरल्याला पळून जावंसं वाटायचं.

त्याला हा 'हात' कधीच नको होता. तो गल्ल्यावर सुखी होता. लोकांना सुटे पैसे द्यावेत, त्यांच्या पोरांची चौकशी करावी, पंख्याचा वेग कमी-जास्त करावा, एवढंच त्याचं जग. आबा दवाखान्यात पलंगावरून "तू टाक" म्हणाले तेव्हा त्याने मान हलवली खरी, पण पहिल्या दिवशी मूठ भरली आणि त्याला दरदरून घाम फुटला. एकदा खारट झालं. घाबरून दुसऱ्या दिवशी इतकं कमी घातलं की छापखान्यातल्या फोरमनने बाहेरून वेफर्स आणून रश्श्यात चुरले. गिऱ्हाईक बोललं नाही, पण थोरल्याने ते बघितलं आणि रात्री तो जेवला नाही. घरात न जेवणारे दोन झाले होते, दुसऱ्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही इतकंच.

तर तो आला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि काय बघतो, बहीण पाठमोरी उभी आहे, रश्श्याच्या पातेल्यावर मूठ उंच धरलीय आणि झोकात भिरकावतेय, अगदी आबांसारखी! एक मूठ. अजून एक. मग मसुराच्या पातेल्याकडे वळली, तिथेही तेच. भोपळ्याच्या रसभाजीतही.

थोरल्याच्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या. पहिली अशी, की बघा, मला न विचारता 'हात' घेतला हिने, गावाहून येते आणि मालकीण होते. आणि दुसरी, की सुटलो रे देवा! पहिली गोष्ट जेमतेम चार पावलं टिकली. गल्ल्यापर्यंत पोचेपर्यंत तो शीळ घालायला लागला होता. थोरलीने मोरीतून डोकावलं तेव्हा तिला त्याची परत जाणारी पाठ दिसली. शीळ ऐकून तिला बरं वाटलं, आज यांचा हात नीट पडलेला दिसतोय.

आत्या तर मुठी भिरकावण्यात इतकी दंग होती की आपल्या मागे कोणी येऊन गेलं हेही तिला कळलं नाही. मीठ दादा घालतोच, तिला काय त्याचं?

*

बारा वाजता माणसं लोटली. टेबलं पुरेनात म्हणून बाकं बाहेर मांडली. रश्श्याचा वास असा होता की ताट येईपर्यंत लोक नुसतेच पाव चघळत होते. धाकटा वाढत होता, आणि वाढता वाढता प्रत्येकाला सांगत होता की मिक्सर मी दुरुस्त केलाय म्हणून ही चव. थोरला दारात उभा राहून सगळ्यांना "या, या" करत होता. कोणीतरी आबांची चौकशी करायचं आणि मग तो वर जिन्याकडे बघून म्हणायचा, "विश्रांती चाललीय."

पोस्टमनकाका कोपऱ्यातल्या आपल्या नेहमीच्या जागी बसले होते. निवृत्त झाले, पण जेवायला अजून इथेच. त्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. दुसरा घेतला, डोळे मिटले. मग धाकट्याला खूण केली आणि अगदी कानात, शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये असं विचारलं, "अरे, जरा मीठ मिळेल का?"

धाकट्याच्या हातातला डावच थांबला. तो धावत स्वयंपाकघरात आला. "वहिनी, पोस्टमनकाका मीठ मागतायत!"

"काय मागतायत?"

"मीठ! मी-ठ!"

थोरलीने चमचा रश्श्यात बुडवला आणि जिभेवर ठेवला. आंबट, खमंग, तिळाचा वास, पुदिना. सगळं होतं. तिने परत चाखलं. मग मसूर चाखले. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो!" अशी हाक या खानावळीत यापूर्वी कधी कोणी मारली नसेल. थोरला धावत आला. "तुम्ही हात टाकलात ना?"

"मी? मी कशाला टाकू? हिने टाकला ना! मी डोळ्यांनी बघितलं. दोन दोन मुठी."

"मी चुरा टाकत होते!" आत्या किंचाळली. "मिठाशी माझा काय संबंध? मीठ तुझं ना?"

"मग मला सांगायचं होतंस की हा चुरा आहे!"

"तू विचारायचं होतंस! दारात येऊन शीळ घालत परत जातो माणूस?"

"म्हणजे," थोरली खाली स्टुलावर बसली, "म्हणजे सगळ्या गावाला आपण अळणी जेवण वाढलं. खानावळीच्या वाढदिवशी."

मग धाकट्याला हसू फुटलं. तो आवरायला गेला तितका तो जास्त हसायला लागला, ओट्याला धरून वाकला. "दादा शीळ घालत गेला," एवढंच त्याला म्हणता येत होतं. आत्याने त्याला चापट मारली आणि तीही हसायला लागली. थोरल्यालाही राहवेना. थोरली तेवढी तोंडावर ॲप्रन घेऊन बसली होती, आणि ती हसतेय की रडतेय ते कोणाला कळत नव्हतं. तिलाही कळत नव्हतं.

"आता मीठ न्यायचं का काकांना?" धाकट्याने डोळे पुसत विचारलं.

"न्यायलाच पाहिजे," थोरली उठली. तिने पहिल्यांदाच त्या बरणीचं झाकण उघडलं, वाटीत मीठ घेतलं आणि मान खाली घालून बाहेर गेली. पोस्टमनकाकांचं ताट रिकामं होतं. पावाने पुसून लख्ख केलेलं.

"अगं, ते राहू दे आता," ते म्हणाले. "पहिल्या दोन घासांना चुकल्यासारखं वाटलं, नंतर आठवणसुद्धा नाही झाली. मसूर आहेत का अजून? माझ्या बायकोला सांगशील का हे कसं केलंस? तिलाही मीठ बंद आहे, आणि आमच्याकडे जेवायला बसलं की दोघं भिंतीकडे बघत बसतो."

थोरली मिठाची वाटी तशीच हातात घेऊन परत आली. आणि स्वयंपाकघरात आबा उभे होते.

*

एवढा आरडाओरडा आणि त्यावर एवढं हसणं ऐकल्यावर कोण वर बसून राहील? आबा भिंतीला धरून एकेक पायरी उतरले होते. कॉलरमधून त्यांची बारीक झालेली मान पुढे आली होती, पण नजर होती पहिल्यासारखीच. सगळे ओट्याच्या कडेला चूक पकडली गेलेल्या पोरांसारखे उभे राहिले. आबांनी कोणालाही काही विचारलं नाही. पळीने रस्सा घेतला, फुंकला, चाखला.

"अळणी आहे."

"हो, आबा," थोरला म्हणाला. "माझी चूक झाली."

"माझी," आत्या म्हणाली.

"चुरा माझा होता," थोरली म्हणाली.

"मिक्सर माझा," धाकटा म्हणाला, पण या वेळी कोणी हसलं नाही.

"हे लोकांना वाढलंत?"

"वाढलं. मीठ घालून परत गरम करतो, आबा, अजून निम्मी माणसं यायचीयत—"

"थांब." आबांनी हात वर केला. "ताटं कशी परत आली?"

आबा स्वतःच मोरीकडे गेले. माणसाने तोंडाने कितीही वाखाणलं तरी खरं काय ते खरकटी ताटं सांगतात, हे त्यांनी पोरांना लहानपणापासून शिकवलं होतं. उष्ट्याच्या बादलीत त्यांनी वाकून बघितलं. लिंबाच्या फोडी होत्या, भोपळ्याच्या साली होत्या, एका ताटात अर्धवट भात होता, तो कोण्या लहान पोराचा असावा. बाकी काही नाही. ते बराच वेळ त्या बादलीकडे बघत राहिले. काहीतरी बोलायला हवं म्हणून थोरली घाईघाईने म्हणाली, "आबा, तुम्ही वर चला. तुमचं मी सकाळीच वेगळं काढून ठेवलंय. छोट्या पातेल्यात."

"नको मला वेगळं!"

आबा ओरडले तशी बाहेरच्या बाकांवरही शांतता झाली. "वेगळं, वेगळं, वेगळं! अरे, मी काय या घरात पाहुणा आहे? झाकण घालून, बशी ठेवून माझं वर पाठवता. जन्मभर या पातेल्यातलं जेवलो. करपलेलं जेवलो, शिळं जेवलो. आणि आता म्हातारपणी माझी पंगतच वेगळी मांडलीत! घास उतरत नाही मग. नाही उतरत."

आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. थोरला जमिनीकडे बघत राहिला. एवढे दिवस सगळ्यांनी डोकी फोडली होती, कोणी दाणे आणले, कोणी मसाले दळले, आणि या माणसाला काय हवंय ते कोणी विचारलंच नव्हतं.

थोरलीला मात्र वेगळंच काहीतरी सुचत होतं. तिने छोटं पातेलं उघडलं, चाखलं. मोठ्यातलं चाखलं. मग परत छोट्यातलं.

"आबा," ती म्हणाली, "सारखंच आहे."

"काय सारखं आहे?"

"दोन्ही. तेच बटाटे, तोच चुरा, मीठ यातही नाही, त्यातही नाही. आज सगळं गाव तुमच्या पथ्याचं जेवलंय." आणि ती हसायला लागली, डोळ्यांतलं पाणी न पुसता. तिने छोटं पातेलं उचललं आणि आबांच्या डोळ्यांदेखत मोठ्यात उपडं केलं. "घ्या. झालं एकच. आता बसताय का सगळ्यांबरोबर, की तेही मीच सांगायचं?"

आबांनी शर्टाची बाही नीट केली, आत्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर गेले. पोस्टमनकाकांनी सरकून जागा दिली. "आलास का? मला वाटलं, वर बसून राज्य करतोयस." "राज्य गेलं माझं," आबा म्हणाले, "सुनेने घेतलं." त्यांच्यासमोर ताट आलं, बाकीच्यांसारखंच. त्यांनी पाव मोडला, रश्श्यात बुडवला आणि खाल्ला. स्वयंपाकघराच्या दारात चौघं एकमेकांना ढकलत बघत होते. दुसरा घास. मग भात. मसूर. मध्ये एकदा त्यांनी मान हलवली आणि पोस्टमनकाकांना विचारलं, "तीळ आहेत ना यात?" काका म्हणाले, "मला काय विचारतोस, खानावळ तुझी आहे." आबांनी ताट पावाने पुसलं.

माणसं जेवून जात होती, नवी येत होती. थोरल्याने गल्ल्यावरून बायकोला खूण करून विचारलं, उद्यापासून 'हात' कोणाचा? तिने वाटीतलं मीठ दाखवलं आणि परत बरणीत ओतलं. ज्याला लागेल तो मागेल, तिने सांगितलं, टेबलावर एकेक डबी ठेवू आणि बाजूला एक चुऱ्याची. थोरल्याने एवढा मोठा सुस्कारा सोडला की समोरच्या गिऱ्हाइकाने, बरं वाटतंय ना, म्हणून विचारलं.

तेवढ्यात आबांची हाक आली. "सूनबाई! रस्सा आण अजून."

थोरली वाटी घेऊन धावली. मोठ्या पातेल्यात डाव घातला तर तळाला खरखर आवाज आला. रस्सा संपला होता. शेवटची वाटी धाकट्याने नुकतीच एका नर्सला वाढली होती. थोरली रिकामी वाटी घेऊन परत आली. आजच, इतक्या दिवसांनी आबांनी मागितलं, आणि आजच नाही.

"आबा, संपलं."

"सगळं?"

"सगळं. तळ दिसतोय."

आबांचा चेहरा हळूहळू उजळला. त्यांनी पोस्टमनकाकांच्या मांडीवर थाप मारली, टेबलावरचं ताट पुढे सरकवलं आणि अख्ख्या खानावळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मग उभी काय राहिलीस, पोरी? चढव दुसरं पातेलं. भूक लागलीय मला."